गिटारचे पिकअप फार गुणगुणतायत, कुठले बसवू?

खारा_वारा | १२ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

पुण्याची नोकरी घरून करायची मुभा मिळाली तसा बाडबिस्तरा उचलून हर्णैला आजोबांच्या घरात येऊन राहिलोय. सोबत दहा वर्षांपूर्वी घेतलेली फेंडर स्ट्रॅटच्या धाटणीची इलेक्ट्रिक गिटार (तारांचा आवाज पकडणारे, एकेका वेटोळ्याचे म्हणजे सिंगल कॉइल असे तीन पिकअप, ते निवडायला पाच खटक्यांचा स्वीच, कंपनी काही नावाजलेली नव्हे) आणि वीस वॅटचा छोटा अँप. पुण्यात शेजाऱ्यांच्या धाकाने कायम हेडफोन. इथे पहिल्यांदा अँप मोकळा सोडला आणि घुंऽऽऽ! आवाज इतका, की आईने फ्रीज बिघडला समजून फ्रीजच बंद केला. दुसऱ्या दिवशी दूध नासलं ते माझ्या खात्यावर.

घुं आहे, त्यावर एक बारीक चर्रर्र आहे. अँपचा गेन वाढवला की ब्रिजच्या (तारा खाली जिथे अडकवतात त्या टोकाच्या) पिकअपवर शिट्टीही येते. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पिकअपचे लोखंडी स्क्रू तांबूस झालेत, तारा तर महिनाभरात काळ्या पडतात. त्यामुळे पिकअपच खाऱ्या हवेने गेले असावेत असा माझा कयास आहे.

बजेट आठ-नऊ हजार. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) घ्यावा, की सिंगल कॉइलच्या मापातले नॉइजलेस? लाकूड कोरायची तयारी नाही. गणपतीत वाडीतल्या पोरांबरोबर कार्यक्रम ठरलाय, तोवर गिटार माणसात आणायची आहे.

फुकट_सल्ला | १२ मे, रात्री १०.५२

प्लग काढा. आवाज शंभर टक्के जातो. पैसे नकोत.

सहा_तारा | १२ मे, रात्री ११.१५

दादा, डोळे मिटून हंबकर! हा सगळा त्रास लोकांना पहिल्यापासून होताच, म्हणून तर गिब्सन गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवले. एकाचे वेढे उलटे, चुंबकही उलटा. तारेचा आवाज दोन्हीकडून एकाच दिशेने येतो म्हणून बेरीज होते, बाहेरची गुणगुण मात्र एकीकडून उलटी येते म्हणून वजाबाकी. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. मधल्या काळातल्या पिकअपवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लेबल असायचं, त्यावरून त्यांना अजून पीएएफ म्हणतात आणि लोक त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात.

हंबकर टाकलात तर व्हॉल्यूमचा पॉटही (बटणाखालचा फिरता रोध) बदला. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) लावतात, हंबकरला ५०० के. नाहीतर आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा वाटेल.

खारा_वारा | १२ मे, रात्री ११.३०

@सहा_तारा, पण मग स्ट्रॅटचा तो टणत्कार जाईल ना? त्याच्यासाठीच तर ही घेतली होती.

सहा_तारा | १२ मे, रात्री ११.३४

मग सिंगल कॉइलच्या मापाचे स्टॅक केलेले घ्या. दोन कॉइल एकावर एक असतात. अगदी तसाच टणत्कार नाही, पण ऐंशी टक्के येतो. फेंडरचे नॉइजलेस आहेत, डीमार्झिओचे आहेत. सेट मात्र तुमच्या बजेटच्या पार जाईल. एखादाच घ्या.

डागकाम | १३ मे, सकाळी ७.०५

थांबा हो. दुखतंय पोट आणि काढतायत दाढ.

माझं चिपळूणला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. २०२१ च्या जुलैतल्या पुरात दुकान गेलं, तेव्हापासून घरीच कामं घेतो. अँप, कीबोर्ड, पेट्यांचे माईक, सगळं येतं. आवाज करणारी गिटार घेऊन येणारे दहापैकी आठ जण 'पिकअप बदला' म्हणतच येतात. त्यातल्या फार थोड्यांचे पिकअप खरंच वाईट असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तारेचे सात-आठ हजार वेढे. त्यात आपोआप 'आवाज' तयार व्हायला काही नसतं. तो बाहेरचा आवाज पकडतो.

तेव्हा पैसे खर्चायच्या आधी एवढं करा. गिटारची केबल अँपच्या बाजूने उपटून अँप चालू ठेवा. तरी घुं राहिली तर गिटारचा काही दोष नाही. मग केबल लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि ऐका. मग व्हॉल्यूम पूर्ण करून खुर्चीवर बसल्या बसल्या गोल फिरा. कुठल्या दिशेला आवाज कमी-जास्त होतो? मग तारांना हात लावा. कमी होतो की वाढतो? आणि शेवटी पाचही खटके फिरवा, कुठे जास्त, कुठे कमी, ते लिहून काढा. इथे टाका.

हात लावल्यावर *वाढला* तर गिटारला हात न लावता आधी मला सांगा.

वाडीतला_वादक | १३ मे, दुपारी १.२०

रे खाऱ्या वाऱ्या, पिकअप मगे बदल. आधी तुझ्या घराची लाईट बघ. तारांक हात लावलंस की झिणझिण्या येतत काय रे? माका येय होत्यो.

(शुद्ध मराठीत सांगतो नाहीतर घाटावरची मंडळी रागावतात.) मी कुडाळ-मालवण पट्ट्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. मांडवात जनरेटर, त्यावर हॅलोजन, त्यावर रंगीत दिव्यांचे डिमर, आणि सगळं एकाच बोर्डावर. डिमर अर्ध्यावर आणला की माझ्या गिटारमध्ये माश्यांचं मोहोळ उठतं. नवरी मंडपात येते तेव्हा डिमर हमखास अर्ध्यावर! तीच वेळ माझ्या सोलोची. मी आता त्या सोलोला एकच खटका वापरतो, दुसरा किंवा चौथा. तिथे घुं जवळपास नसते. का, ते विचारू नका, डागकाम सांगतील. डिमरची चर्र तिथेही येतेच म्हणा.

पेटीमास्तर | १३ मे, दुपारी ३.४५

हर्णैच्या बंदरावर इलेक्ट्रिक गिटार. काय दिवस आले. कोकणात पेटी, पखवाज, झांज असताना या विजेच्या खटाटोपाची गरजच काय? पेटीला ना अर्थिंग लागतं ना अँप.

आमसूल | १३ मे, दुपारी ४.१०

मास्तर, पेटी तरी कुठे देवरुखच्या झाडाला लागते? १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांडर देबँने पेटंट घेतलं तिचं. आपल्याकडे आली, पायाचा भाता गेला, हाताचा आला, आणि आता भजनाच्या डबलबारीत ती नसेल तर बुवा उभे राहणार नाहीत. शंभर वर्षांनी कुणीतरी म्हणेल, गिटारशिवाय कसलं भजन.

मी रत्नागिरीला कॉलेजात बेस गिटार वाजवायचे. हम (हीच घुं) म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरवर एक ते पाच आकडे होते, आणि प्रत्येक आकड्याला आवाज वेगळा. आम्ही उकाडा सहन करायचो पण पंखा पाचावर किंवा बंद, मधलं काही नाही.

पेटीमास्तर | १३ मे, दुपारी ४.३०

पांढरी-काळी वाजवता येत असेल तर पुढची वादावादी करू.

खारा_वारा | १३ मे, रात्री ९.५०

डागकाम काका, सगळं केलं. निकाल:

केबल काढल्यावर अँप शांत. अगदी थोडी सळसळ, ती चालेल.
व्हॉल्यूम शून्यावर चर्र थोडी राहते.
फिरल्यावर फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. समुद्राकडे तोंड केलं की कमी, माजघराकडे केलं की जास्त. (समुद्र चांगला, माजघर वाईट, हे आईला सांगितलेलं नाही.)
तारांना हात लावल्यावर चर्र कमी होते, घुं तशीच.
खटके: १, ३, ५ वर भरपूर. २ आणि ४ वर घुं जवळपास गायब.

आणि वादकदादा, हो. अनवाणी असलो की बोटांना बारीक गुदगुल्या होतात. मला वाटायचं तारा नवीन आहेत म्हणून.

जांभा_चिरा | १३ मे, रात्री १०.२०

शेवटचं वाक्य वाचून मी जेवता जेवता उठलो. गुदगुल्या नाहीत त्या, गिटारच्या तारा तुमच्या अंगातून जमिनीला जोडल्या जातायत. आता हे सोडवल्याशिवाय गिटार अँपला लावू नका. मी निवृत्त विद्युत अभियंता आहे, चेष्टा करत नाही.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, मागच्या स्प्रिंगच्या पट्टीवरच्या वायरीतून अँपच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि अँपचा सांगाडा तिसऱ्या पिनमधून घराच्या अर्थिंगला. घराचं अर्थिंग तुटलेलं असेल तर सांगाडा लोंबकळत राहतो. कॉम्प्युटर, चार्जर, नवे फ्रीज यांच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, फेजकडून अर्थकडे आणि न्यूट्रलकडून अर्थकडे. अर्थ शाबूत असताना ते निरुपद्रवी. अर्थ तुटला की तोच सांगाडा पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. करंट अगदी थोडा म्हणून मेला नाहीत. पण त्याच बोर्डावर उद्या एखादं जुनं उपकरण खरंच गळायला लागलं तर?

वायरमनला बोलवा. त्याला सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. नुसत्या टेस्टरने भागवू देऊ नका.

सहा_तारा | १३ मे, रात्री १०.४१

माझ्या मित्राला असाच हम होता, त्याने तिसरी पिन काढून टाकली आणि हम गेला. तात्पुरतं असं करता येईल का?

जांभा_चिरा | १३ मे, रात्री १०.४४

नाही.

जांभा_चिरा | १३ मे, रात्री १०.५८

एका शब्दावर थांबवत नाही, कारण तुम्ही तरुण आहात आणि मित्रही असेल. १९७२ च्या मे महिन्यात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी वेल्समध्ये स्वॉन्सीला स्टेजवर होता. एका हातात गिटार, दुसरा हात नीट अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला लागला. तिथेच गेला. वय सत्तावीस. पिन काढल्याने हम जातो, कारण दोन उपकरणांच्या अर्थमधला फेरा तुटतो. पण त्यासोबत जीव वाचवणारी एकमेव वायरही तुटते. मित्राला आजच फोन करा.

सहा_तारा | १३ मे, रात्री ११.०९

केला. शिव्या घातल्या त्याने, पण पिन उद्या लावतोय.

रेवस_ते_रेडी | १४ मे, सकाळी ८.३०

यात कसलं कोडं आहे? आपल्याकडे सगळीकडे जांभा. मे महिन्यात जांभा म्हणजे कोरडा बिस्कीट. अर्थिंगच्या खड्ड्यात आठ बादल्या पाणी, पाच किलो मीठ आणि कोळसा. आमच्या श्रीवर्धनला सगळे हेच करतात. पावसाळा लागला की हम आपोआप जाईल, लिहून ठेवा.

गिटारबद्दल म्हणाल तर माझी निसर्ग वादळात गेली. ३ जून २०२०. कौलं उडाली, गिटार कपाटावर होती, रात्रभर भिजली. महिन्याने पिकअप उघडला तर कॉइल हिरवागार, मीटरवर काहीच दाखवेना. तार आत कुठेतरी खाऊन तुटली होती. त्याहून वाईट म्हणजे मी ती उन्हात वाळवली, मान धनुष्यासारखी झाली. आता भिंतीवर शोभेला आहे.

जांभा_चिरा | १४ मे, सकाळी ९.१५

पाणी ओता, बिघडत नाही. पण त्याने रोध कमी होईल, तुटलेली वायर जोडली जाणार नाही. हम आणि झिणझिण्या यांच्यासाठी खड्डा ओला की कोरडा हा प्रश्न दुय्यम आहे, वायर खड्ड्यापर्यंत पोहोचते का हा पहिला. आणि मिठाने रोध उतरतो हे खरं, पण तेच मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप दोन-चार वर्षांत खातं. समुद्राकाठी वरूनही मीठ, खालूनही मीठ. जांभ्यात खड्डा खोल घेऊन बेंटोनाइट माती भरणं बरं. अर्थिंगचं मानक आयएस ३०४३ आहे, वायरमनला नाव सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

खारा_वारा | १८ मे, रात्री ८.००

अहवाल. रेवसभाऊंचा मान ठेवून आधी आठ बादल्या पाणी ओतलं. काडीचाही फरक नाही. शेजारच्या काकू विचारत होत्या, इथे काय पेरलंय?

मग वायरमन आला. फेज-न्यूट्रल २२८. फेज-अर्थ ११० च्या आसपास हलत होतं. न्यूट्रल-अर्थ ११६. चिरादादा, तुम्ही इथे बसून आकडा सांगितलात की हो!

मग वायर शोधत निघालो. बोर्डापासून पडवीच्या कोपऱ्यापर्यंत ठीक. तिथून ती खाली उतरून तुळशीच्या कट्ट्याच्या मागे जाते, आणि कट्ट्याला दोन वर्षांपूर्वी नवं प्लास्टर झालं तेव्हा गवंड्याने ती आतच घेतली. कडेचं प्लास्टर फोडलं. आत वायर नव्हतीच. तपकिरी पावडरची एक रेघ होती. बोटाने उचलली तर भुगा झाली. नवी वायर बाहेरून घेतली, खड्ड्यावर झाकण ठेवलं, शिवाय ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्वीच) बसवला. आता फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ दीड.

झिणझिण्या गेल्या. चर्र निम्म्याहून कमी. घुं मात्र पहिल्यासारखी. आणि ब्रिजची शिट्टी आहेच.

वाडीतला_वादक | १८ मे, रात्री ८.२२

तुळशीन वाचवल्यान रे तुका.

डागकाम | १९ मे, सकाळी ६.५०

उत्तम. आता गिटारकडे येऊ. गुणगुण दोन जातीची असते हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

तुमची चर्र म्हणजे विद्युत क्षेत्राची. भिंतीतल्या वायरी, एलईडी दिवे, डिमर यांच्याकडून येते. हात लावल्यावर कमी होते, कारण तुमचं अंग अँटेनासारखं ती गिटारपर्यंत आणत असतं आणि हात लावताच तेच अंग अर्थ होतं. तिला तांब्याची टेप अडवते.

घुं म्हणजे चुंबकीय. ट्रान्सफॉर्मर, मोटार, पंखा. फिरल्यावर बदलते ती हीच. माजघराच्या त्या भिंतीपलीकडे काय आहे? फ्रीजचा स्टॅबिलायझर असेल असं वाटतं. हिला तांब्याच्या टेपने काही होत नाही, कितीही गुंडाळा. एक तर तिच्यापासून लांब जा, नाहीतर दोन कॉइलची वजाबाकी करा. तुमच्या २ आणि ४ वर ती जाते कारण तुमच्या मधल्या पिकअपचे वेढे आणि चुंबक उलटे आहेत. मधला आणि कडेचा मिळून तात्पुरता हंबकर होतो. म्हणजे गिटार बनवणाऱ्याने डोकं वापरलंय, कंपनी नावाजलेली नसेना का.

टेप लावायची पद्धत. तारा काढा, पिकगार्डचे (पिकअप बसवलेल्या पुढच्या प्लास्टिकच्या पाटीचे) अकरा स्क्रू काढा, तो उलटा करून फडक्यावर ठेवा. आधी मोबाईलवर फोटो काढा, चार-पाच बाजूंनी. 'लक्षात राहील' म्हणणारे माझ्याकडे पिशवीत सुटे भाग घेऊन येतात. टेप अशी घ्या जिचा गोंदही वीज वाहतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, ऑनलाइनही. स्वयंपाकघरातल्या फॉइलने काम होतं, पण तिला डाग (सोल्डर) बसत नाही. टेपचे तुकडे एकमेकांवर चढवा आणि प्रत्येक सांध्यावर एक छोटा डाग द्या. खारी हवा गोंद खाते, डाग टिकतो. खोबणीची टेप आणि पिकगार्डची टेप एकमेकांना भिडली पाहिजे. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत पीं वाजतंय का बघा.

पॉटच्या पाठीवर डाग द्यायला पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री कमी पडते. लोक ती धरून बसतात, पॉट आतून शिजतो. चाळीस-साठची घ्या, पाठ पॉलिश पेपरने घासा, दोन-तीन सेकंदात काम संपवा.

राहिली ब्रिजची शिट्टी. तो पिकअप मायक्रोफोन झालाय. वेढे सैल असले की ते स्वतःच थरथरतात. नखाने पिकअपवर टकटक करा, अँपमधून टकटक मोठ्याने आली तर तेच. त्याला मेण पाजावं लागतं: पॅराफिन चार भाग, मधमाश्यांचं मेण एक भाग, साठ-पासष्ट अंश. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. थेट गॅसवर कधीच नाही, मेण पेट घेतं. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा. पासष्टच्या फार वर गेलात तर प्लास्टिकची बॉबिन वाकते.

आमसूल | १९ मे, सकाळी १०.०५

तांब्याची टेप हर्णैच्या हवेत हिरवी पडेल तेव्हा काय करायचं? माझ्याकडे उपाय आहे. आमसूल भिजवा, घासा, धुवा. देवाची भांडी लखलखतात तर गिटार का नाही? 😀

डागकाम | १९ मे, सकाळी १०.३०

ताई, कृपा करून लिहू नका असं. कुणीतरी करील. गेल्या वर्षी एकाने खरखरणाऱ्या पॉटमध्ये खोबरेल घातलं होतं.

पेटीमास्तर | २० मे, संध्याकाळी ६.१५

वाचतोय सगळं, गैरसमज नको. एक शंका. ही घुं नेमकी कुठल्या स्वरात असते?

जांभा_चिरा | २० मे, संध्याकाळी ७.००

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ. घुंमध्ये ती आणि तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झ मिसळलेले असतात.

सहा_तारा | २० मे, संध्याकाळी ७.१२

गिटारच्या जाड तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झ, म्हणजे जी. १०० ची घुं त्याहून जराशी चढी.

पेटीमास्तर | २० मे, संध्याकाळी ७.२०

म्हणजे पांढरी पाच, किंचित चढी. फुकटात तंबोरा मिळालाय आणि हे लोक तो बंद करायच्या मागे!

खारा_वारा | २ जून, रात्री ९.३०

टेपचं काम झालं. आधी फजिती सांगतो. दोन संध्याकाळी खपून खोबणी आतून तांब्याच्या घंगाळासारखी केली, सगळं बंद केलं, तारा चढवल्या, अँप लावला. पूर्ण शांतता. आनंदाने आईला हाक मारली, 'ऐक, हम गेला!' ती म्हणाली, 'आता वाजव.' वाजवलं. पूर्ण शांतता. गिटार मुकी.

डागकाम | २ जून, रात्री ९.३६

जॅकची टोकाची पट्टी टेपला टेकत्येय. केबल खुपसली की ती बाहेर फाकते. तिथे टेपवर इन्सुलेशनची चिकटपट्टी लावा.

खारा_वारा | २ जून, रात्री १०.१५

अगदी तेच होतं! जॅक उघडल्यावर त्याच्या पट्टीवर हिरवट पांढरी बुरशीही दिसली, नवा जॅकच टाकला, साठ रुपये. चर्र आता शून्य. भिंतीपलीकडे स्टॅबिलायझरच होता काका, तो दोन हात सरकवला, घुं बरीच उतरली.

तरी ब्रिजच्या शिट्टीसाठी मेणाचा उद्योग मला झेपणार नाही, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात नाही. म्हणून एकच स्टॅक केलेला पिकअप मागवलाय, ब्रिजसाठी.

डागकाम | २ जून, रात्री १०.४०

ठीक. बसवायच्या आधी त्याची दिशा तपासा, वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. काट्याचा मीटर मिळवा, डिजिटल नको. सगळ्यात खालच्या डीसी व्होल्टवर पिकअपला लावा, पिकअपच्या खिळ्यांवर पेचकस टेकवा आणि झटकन उचला. काटा एका बाजूला उडी मारेल. मग जुन्या पिकअपला तेच करा. दोघांचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. नाहीतर दुसऱ्या खटक्यावर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि माणूस पिकअपला शिव्या घालतो.

खारा_वारा | २१ जून, दुपारी ४.००

पाऊस कोसळतोय, लाईट नाही, मोबाईलवरून लिहितोय.

नवा पिकअप बसवला. काट्याच्या मीटरसाठी दापोलीपर्यंत गेलो. पहिला खटका: घुं नाही, शिट्टी नाही, टणत्कार आहे. इतका खूश झालो की दहा मिनिटं तिथेच वाजवत बसलो. मग दुसऱ्या खटक्यावर गेलो, आणि तिथे घुं! जिथे आधी कधीच नव्हती तिथे! नवा पिकअप घेऊन उलट एक खटका बिघडला. दिशा तपासली होती, आवाज पत्र्यासारखा नाही, भरीव आहे. मग हे काय?

सहा_तारा | २१ जून, दुपारी ४.१८

ओह. हे मी आधी सांगायला हवं होतं. सॉरी दादा.

डागकाम | २१ जून, संध्याकाळी ६.००

चूक माझीही. पूर्वी दुसऱ्या खटक्यावर ब्रिजची घुं सुलटी आणि मधल्याची उलटी, दोघं एकमेकांना खात होती. आता ब्रिज स्वतःची घुं स्वतःच खातो, मधल्याच्या घुंला भांडायला कुणी उरलं नाही. म्हणून ती एकटी ऐकू येते. दोन पिकअप समांतर असल्याने तिसऱ्या खटक्याच्या मानाने ती निम्मी असेल. चौथा तसाच शांत असेल, बघा.

आमसूल | २१ जून, संध्याकाळी ६.१०

थोडक्यात, दोन भांडखोर भावांतला एक साधू झाला आणि दुसऱ्याची बडबड घरभर ऐकू यायला लागली.

खारा_वारा | २१ जून, संध्याकाळी ६.४५

बरोबर, निम्मीच आहे, आणि चौथा शांत. मधला आणि मानेकडचाही स्टॅक घ्यायचा तर आणखी दोनांचे पैसे. गणपतीपर्यंत तरी नाही. दुसऱ्या खटक्याला सध्या हात लावत नाही.

पेटीमास्तर | २१ जून, संध्याकाळी ७.०५

हात लावा की. पांढरी पाचात गाणं धरा आणि दुसऱ्या खटक्यावर वाजवा. जरा चढी आहे, पण मांडवात तेवढं चालतं.

रेवस_ते_रेडी | २१ जून, रात्री ८.३०

पाऊस लागलाय, आता सांगा, हम कमी झाला की नाही? लिहून ठेवा म्हटलं होतं.

खारा_वारा | २१ जून, रात्री ८.३३

रेवसभाऊ, लाईटच नाही. शंभर टक्के गेलाय.

शिट्टीवाला जुना ब्रिज पिकअप पडून आहे. मीटरवर ६.२ के दाखवतो, तार शाबूत. कुणाला मेण पाजून बघायचा असेल तर फुकट.

डागकाम | २१ जून, रात्री ८.५०

मला पाठवा. चिपळूण स्टँडला, एसटी पार्सलने. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, पाऊस आहे.